सावलीची दक्षिण कड

हिंगोली जिल्ह्यात काय बघायला गेली होतीस, असं पुण्यात कुणी विचारलं की मी "औंढ्याचं देऊळ" म्हणते आणि विषय संपवते. ते खोटं नाही. देऊळ मी पाहिलं, चांगलं दोन तास पाहिलं. पण गेले होते ती अर्ध्या सेकंदासाठी. अर्ध्या सेकंदासाठी रात्रभर प्रवास का केला हे समजावून सांगायचं तर बरंच बोलावं लागतं, आणि बोलणं हा माझा प्रांत नाही. लिहिणं त्यातल्या त्यात जमतं.

तर एक लघुग्रह आहे. चार-पाच किलोमीटर लांबीचा असावा असा अंदाज. सूर्याभोवतीची त्याची वाट आपल्या पृथ्वीच्या वाटेला खेटून जाते. धोका काही नाही, पण इतक्या जवळून जाणाऱ्या शेजाऱ्याची लांबी-रुंदी आणि वाट नीट ठाऊक असलेली बरी. मोठ्या दुर्बिणीतूनही तो ठिपकाच दिसतो, ठिपक्याला पट्टी लावता येत नाही. मग एक युक्ती करतात. तो फिरता फिरता एखाद्या ताऱ्याच्या समोरून जातो, तेव्हा ताऱ्याच्या उजेडात त्याची सावली पृथ्वीवर पडते. तारा इतका दूर असतो की सावली लघुग्रहाएवढीच राहते. घारीची सावली ज्वारीवरून सरकत जावी तशी ती गावांवरून धावत जाते, फक्त फार वेगाने. सावलीत सापडलेल्या माणसाला तारा क्षणभर विझलेला दिसतो. सावलीबाहेरच्याला काहीच दिसत नाही. सावलीच्या वाटेवर आडवी माणसं उभी करायची, प्रत्येकाला तारा किती वेळ विझलेला दिसला ते मांडायचं, की लघुग्रहाचा आकार कागदावर उमटतो.

यंदा ती सावली जवळा बाजारच्या परिसरातून, पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणार होती. आमच्या हौशी गटातले सहा जण उत्तर-दक्षिण ओळीत, एकेक किलोमीटरवर उभे राहणार होते. आमच्याकडे कॅमेरे चारच. ते मधल्या चौघांना. दोन्ही टोकांना डोळा आणि आवाज: दुर्बिणीला डोळा लावून बसायचं, शेजारी दर सेकंदाला टिक् करणारी डबी आणि ध्वनिमुद्रण चालू ठेवायचं, तारा विझला की ओरडायचं. दक्षिणेचं टोक माझ्या आत्याच्या शेतात येत होतं, म्हणून ते मला मिळालं.

"सई, तुझ्याकडून मला आकडा नको," आमच्या गटाचे सर म्हणाले. ते शाळेतून निवृत्त झालेले, त्यामुळे सगळ्यांचेच सर. "हो किंवा नाही, एवढंच हवं. पण ते पक्कं हवं. मागच्यासारखं नको."

मागे भोरजवळ अशाच एका वेळी मला तारा विझलेला स्वच्छ दिसला होता. शेजारच्या ठिकाणचा मुलगा म्हणाला, त्याला काही दिसलं नाही. मी घाबरून वहीत "खात्री नाही" असं लिहिलं. नंतर कळलं, त्याची दुर्बीण भलत्याच ताऱ्यावर होती. माझी खात्री नसलेली नोंद सरांनी बाजूला ठेवली आणि त्या लघुग्रहाची एक बाजू मोजायची राहिली ती राहिलीच. सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

जवळा बाजार

परभणीहून येणारी एसटी थांबली तेव्हा आठवडी बाजार भरात होता. मी सहावीत असताना शेवटची इथे उतरले होते. त्यानंतर बाबांची बदली बंगळुरूला झाली, सुट्ट्या क्लासमध्ये जाऊ लागल्या, आणि आत्याकडे जायचं "पुढच्या वर्षी" यावर राहिलं. लहानपणी या बाजारात मी आत्याच्या पदराचं टोक मुठीत धरून चालायचे. ते सुटलं तर मी कायमची हरवेन अशी माझी खात्री होती. आता आत्याने माझा दंड धरला होता आणि तीच मला गर्दीतून ओढत होती. ती मला खांद्यापर्यंत येत होती. मी उंच झाले की ती लहान, हे मला ठरवता येईना.

"बारा वर्सं झाली," ती म्हणाली. "माय, मला वाटलं आता लग्नाची पत्रिकाच येते तुजी."

याहून जास्त तिने काही ऐकवलं नाही.

दुर्बिणीची नळी चादरीत गुंडाळलेली होती. मामांच्या, म्हणजे आत्याच्या यजमानांच्या, मोटारसायकलवर ती मांडीवर आडवी घेऊन मी बसले, तर वांग्यांच्या ढिगामागून एकाने विचारलं, "काय पाटील, बोअरचा पाइप व्हय?"

"व्हय," मामा गंभीरपणे म्हणाले. "खालचं पाणी सपलं. आता वरचं काढून राहिलो."

आखाडा

शेतातल्या राहत्या गोठ्याला तिकडे आखाडा म्हणतात. पूर्वी सुट्टीत आम्ही गावातल्या घरी कमी आणि आखाड्यावर जास्त असायचो. आता आत्या-मामा कायमचेच तिथे राहतात. पत्र्यांच्या जागी स्लॅब आलाय, गोठ्यात बैलांच्या जागी ट्रॅक्टर. पण दारापुढे बाज तशीच टाकलेली होती, आणि ओल्या हळदीचा वास तसाच. त्या भागात फेब्रुवारीत सगळीकडे हळद निघते. तो वास मातीचा, आल्याचा आणि थोडासा औषधाचा. पुण्यात भाजीच्या दुकानात ओली हळद दिसली की मी अजून हातात घेऊन वास घेते, आणि कुणी बघितलं की परत ठेवते.

आमच्या सोसायटीत शेजाऱ्याकडे जायचं तर आधी मेसेज करतात. इथे माझा चहा उकळायच्या आत तीन बायका नळी बघायला येऊन बसल्या. त्यांनी मला तीन प्रश्न विचारले: पगार किती, लग्न कधी, भाकरी येती का. तिन्हींच्या उत्तरांनी त्यांची निराशा केली.

त्यातल्या एक पारबताबाई. त्यांचं शेत आत्याच्या बांधाला लागून, पूर्वेला. पन्नाशीच्या, सडसडीत, बोटं मनगटापर्यंत पिवळी. दुर्बिणीकडे बघून त्या म्हणाल्या, "यातून आमच्या जावयाचं गाव दिसंल का? तो काय करून राहिला ते बघायचं हाये."

अंधार पडल्यावर मी सराव केला. तारा मृगाच्या वर, मिथुन राशीच्या पायाशी होता, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. आत्या शेजारी येऊन उभी राहिली. लहानपणी हिनेच मला बाजेवर आडवं करून आभाळ शिकवलं होतं. मृगाच्या पट्ट्यातले तीन तारे म्हणजे तिकांडं. सप्तर्षी म्हणजे म्हातारीची बाज, आणि ती चोरायला आलेले तीन चोर. इंग्रजी शाळेत गेल्यावर मी त्या सगळ्यांची दुसरी नावं पाठ केली आणि ही विसरल्यासारखं केलं. विसरले मात्र नव्हते.

"तिकांड्याच्या वरल्या अंगाला का?" ती म्हणाली.

"हो. तिथून थोडं पूर्वेला."

अकरा मिनिटांत तारा सापडला. त्याच्या अगदी जवळ दुसरा एक फिकट तारा होता, ओळखीची खूण म्हणून बरा. मग आवाजाचा सराव. सरांनी शब्द ठरवून दिला होता: तारा विझला की "गेला". माझा आवाज मुळात बारीक, म्हणून मी दीर्घ श्वास घेतला आणि पोटातून ओरडले, "गेला! गेला!"

आखाड्यातून आत्या पिठाच्या हातांनी धावत आली. मागून मामा, हातात काठी. बांधापलीकडून पारबताबाईंचा आवाज, "कोन गेला वो? काय झालं?"

कुणी गेलेलं नाही हे पटवायला बराच वेळ गेला. "सांजच्या पारी असं ओरडू ने माय," आत्या छातीवर हात ठेवून म्हणाली. तिच्या लुगड्यावर पिठाचा पंजा उमटला. मी शब्द बदलून "आता" केला.

रात्री ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, ओल्या हळदीचं लोणचं. मी दोन भाकरी खाल्ल्या. पुण्यात मी दोन पोळ्या खात नाही.

औंढा

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या मला औंढ्याला घेऊन गेली. तारा संध्याकाळी सात बेचाळीसला विझणार, किंवा नाही विझणार, तोवर घरी बसून मी नखं खाल्ली असती.

नागनाथाच्या देवळाच्या बाहेरच्या भिंतींवर इतकी शिल्पं आहेत की मान दुखते. काही झिजून गुळगुळीत झालीत. चेहरा नाही, पण उभं राहण्याची ऐट शिल्लक. गाभारा जमिनीखाली आहे. अरुंद पायऱ्या उतरून, जवळजवळ वाकून आत जावं लागतं. मला बंद जागेची भीती वाटते. मी पायरीवरच थांबले. आत्या म्हणाली, "तू ऱ्हा हितंच. मी दोगींचं सांगून येते."

ती वर आली तेव्हा मी विचारलं, काय सांगितलंस.

"लेकराचं जे काय काम हाये ते बराबर होऊ दे म्हनलं. काम कोनतं ते मला सांगता न्हाई आलं. पण त्याला ठावं असंल."

देवळाबाहेर आम्ही भाजलेल्या घाट्यांचा हावळा घेतला. ओला हरभरा असा शेतातल्या जाळात भाजला की बोटं आणि ओठ काळे होतात. एकमेकींची काळी तोंडं बघून आम्ही हसत होतो, तेवढ्यात मामांचा फोन आला.

"सईला म्हनावं, पारबतीकडं कुकर आलाय."

आत्याचं हसणं थांबलं. मला काहीच कळलं नव्हतं.

कुकर

हळद काढल्यावर ती वाफेवर शिजवतात, मग वाळवतात. शिजवायचं यंत्र म्हणजे कुकर: चाकांवर पाण्याची टाकी, तिच्याखाली भट्टी, बाजूला चार मोठे ड्रम. गावोगाव ते पाळीने फिरतं. पारबताबाईंची पाळी चार दिवसांनी होती, पण मधल्या एकाची हळद काढून झाली नव्हती, म्हणून कुकर दुपारीच त्यांच्या शेतात आला. पाळी सोडली तर पुन्हा पंधरा दिवस तो मिळत नाही.

आम्ही परतलो तेव्हा बांधापलीकडे तो धडधडत होता. ड्रमातून वाफेचे लोट निघत होते, भट्टीचा धूर त्यांत मिसळत होता, आणि पूर्वेचा वारा हे सगळं आमच्या शेतावर आणत होता. माझा ताराही त्या वेळी पूर्वेच्याच अंगाला असणार होता. शिवाय बांबूला बांधलेला एक मोठा दिवा.

मी नकाशा काढला. सावली पूर्व-पश्चिम धावणार, त्यामुळे त्याच रेघेवर मी कितीही पुढे-मागे सरकले तरी चालणार होतं. उत्तर-दक्षिण मात्र हलायची सोय नव्हती, नाहीतर ओळीतलं अंतर बिघडलं असतं. पश्चिमेला त्या रेघेवर गावातले रस्त्याचे दिवे. पूर्वेला कुकर, आणि त्याच्यामागे डोक्याच्या वर उंच ऊस. मी होते तिथेच राहायचं होतं, आणि कुकर थांबवायला सांगायचं होतं.

"जाऊन सांग की," आत्या म्हणाली.

"तू सांग ना."

"मी सांगिटलं तर ती मला मागच्या सालच्या बांधाचं काढील. तू पाव्हनी हायेस. तुला न्हाई बोलायची."

मी बांध ओलांडून गेले. दहा-बारा बायका ढिगाभोवती बसून मोठ्या गड्ड्यांची बोटं मोडून वेगळी करत होत्या. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बसले आणि हळद मोडायला लागले. विचारायला गेलेली मी पाऊण तास हळद मोडत होते.

"बोटं पिवळी झाली बघा पोरीची," एकजण म्हणाली. "हळद लागली. आता नवरा तेवढा आना."

"नवरा ती त्या पाइपातून हुडकून राहिली," पारबताबाई म्हणाल्या. सगळ्या हसल्या, मीही हसले, आणि त्या हसण्यातच माझ्या तोंडून निघून गेलं: "काकू, संध्याकाळी कुकर थोडा वेळ बंद ठेवता येईल का?"

हसणं थांबलं.

"काहून?" पारबताबाईंनी विचारलं.

मी सांगितलं. घाबरल्यावर मी भराभर बोलते, आणि मराठीत आकडे सांगताना अडखळते. लघुग्रह, सावली, सात बेचाळीस. त्या ऐकत होत्या, हळद मोडणारे हात थांबत नव्हते.

"किती येळ लागंल तुज्या दगडाला?"

"अर्धा सेकंद. पण आधी दहा मिनिटं आभाळ स्वच्छ लागेल. आणि दिवा नको."

"अर्ध्या सेकंदासाठी कुकर बंद," त्या ढिगाकडे बघून म्हणाल्या. "बाई, ही काय चहाची शेगडी हाये? घाणा अर्धा शिजवून ठेवला तर आतून कच्ची ऱ्हाते. वाळताना सुरकुतते, पालिशच्या ढोलात घातली की फुटते. सालभराची मेहनत हाये ही."

"बरोबर आहे," मी म्हणाले आणि उठले. पाय बधिर झाले होते. मला वाटलं, झालं. सरांना काय सांगायचं? ढग आले म्हणून सांगू? हळदीची वाफ आली, हे कोण खरं मानेल?

"कुटं चालली?" त्या मागून म्हणाल्या. "बंद न्हाई करता येत म्हनलं. बसता येत न्हाई असं कवा म्हनलं?"

मग त्यांनी मला जे सांगितलं ते मला सरांनीही इतकं नीट सांगितलं नसतं. एका वेळी ड्रमात शिजणारी हळद म्हणजे एक घाणा. घाण्याला पाऊण तास. तो उतरवला की पुढचा भरायला वीस मिनिटं, तेवढ्यात ड्रम थंड, वाफ नाही. आता चार वाजले होते. मधे चहाची सुट्टी दहा मिनिटं वाढवली, तर शेवटून दुसरा घाणा सव्वासातला उतरेल. त्यानंतर बायका अंधारात बसतील, दिवा बंद.

"भट्टीत राख टाकीन, धूर बी कमी. पण एक सांगते," त्यांनी पिवळं बोट माझ्यापुढे धरलं. "घाणा झाल्याबिगर मी उतरवनार न्हाई. तुजा दगड येवो न्हाई तर जावो."

सात बेचाळीस

सव्वासातला मी दुर्बिणीजवळ तयार होते. वाफ अजून निघत होती. सात वीसला मी बांधावर गेले. पारबताबाईंनी ड्रमाचं झाकण उघडून लांब काडी आत खुपसली, बाहेर काढली, टोक चिमटीत दाबलं.

"न्हाई."

सात पंचवीस. पुन्हा काडी. "न्हाई." माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "तोंड नको पाडू. वल्ली लाकडं हायेत, आज उशीर करून राहिली."

सात एकतीस. काडी सरळ आत गेली. त्यांनी चिमटीत दाबलं, वास घेतला. "उतरवा!" चारही ड्रम एकापाठोपाठ उलटे झाले आणि वाफेचा इतका मोठा ढग उठला की कुकरच दिसेना. दिवा बंद झाला. त्या काळोखात मी बांध ओलांडून धावले, एकदा पडले, गुडघा खरचटला तो दुसऱ्या दिवशी कळला.

दुर्बिणीत नुसता पांढुरका धुरकटपणा. सात पस्तीस. सदतीस. वाफ हळूहळू आमच्यावरून पश्चिमेला सरकत होती, आणि तिच्यामागून आभाळ एकेक तारा उघडत होतं. सात एकोणचाळीसला माझा तारा दिसला. शेजारचा फिकटही. मी मुद्रण चालू केलं. डबी टिक् टिक् करू लागली. बांधावर बायका येऊन बसल्याचं मला नुसत्या शांततेवरून कळलं. इतक्या जणी इतक्या गप्प बसल्या होत्या.

सात बेचाळीस झाले. मी पापणी लवू दिली नाही. डोळ्यातून पाणी यायला लागलं.

आणि तारा फिकट झाला.

"आता" ओठांवर आलं होतं. पण ते तसं विझणं नव्हतं. तो मंदावला, आणि त्याच्याबरोबर शेजारचा फिकट ताराही मंदावला. दोघं सोबत मावळल्यासारखे झाले, आणि तीन-चार टिक् नंतर सोबतच उजळले. दगडाने झाकला असता तर एकच तारा विझला असता, तोही फट्कन. हे दोघांवरून गेलं होतं. ही वाफेची शेपटी होती. आणि त्या सगळ्या वेळात माझा तारा पूर्ण असा नाहीसा झालाच नव्हता. मी आणखी दोन मिनिटं बघत राहिले. तो तिथेच होता.

मुद्रणात माझा आवाज आहे. आजही कधी कधी मी तो ऐकते. मी म्हणते, "नाही. तारा विझला नाही. दोन्ही तारे वाफेने मंद झाले." तो मोठा आवाज आहे. मला तो ओळखू येत नाही.

आमचा नियम असा की नोंद लिहून होईपर्यंत दुसऱ्या ठिकाणच्या कुणाशी बोलायचं नाही. बाजेवर ठेवलेला फोन वाजायला लागला. शेजारच्या, पाचव्या ठिकाणचा. तो वाजून थांबला, पुन्हा वाजला. मामा म्हणाले, "घेऊ का गं? लई घाई दिसते त्याला."

"नको मामा."

मी कपाळावरच्या लाल दिव्यात वहीत लिहिलं: नाही. खात्री आहे. पेनावर, पानावर पिवळे ठसे उमटले. सही केली. तेव्हा बांधावरून पारबताबाई म्हणाल्या, "काय गं? दिसलं का?"

त्यांनी चहाची सुट्टी वाढवली होती, भट्टीवर राख टाकली होती, बायकांना अंधारात बसवलं होतं. त्या सगळ्यांना "हो" ऐकायचं होतं, आणि "हो" म्हणणं फार सोपं होतं.

"नाही काकू," मी म्हणाले. "आपल्यावरून नाही गेला."

"म्हंजे आमी उगंच थांबलो?"

माझ्याऐवजी मामा बोलले. "उगंच कसं? मोजनी झाली तवा सरकारी मानूस तुज्या वावराच्या भाईर उभा ऱ्हायला का न्हाई? बांध कुटं सपला ते बांधाच्या पल्याड उभं राहूनच कळतंय."

"तो मानूस बी चुकीच्या जागी उभा हुता," पारबताबाई म्हणाल्या. "ते आपन नंतर बोलू." आणि बायकांना हाक मारून त्या घाणा भरायला निघून गेल्या. दिवा लागला.

मग मी फोन घेतला. पाचव्या ठिकाणचा मुलगा ओरडतच होता, "सई, मला दिसला! विझला! जेमतेम, पण विझला! तुलाही दिसला असणार, तुझ्या इतक्या जवळ होता..."

"नाही," मी म्हणाले.

"नक्की? परत विचार कर."

"लिहून झालंय," मी म्हणाले.

थोड्या वेळाने सरांचा फोन आला. त्यांनी माझी नोंद वाचून घेतली, वाफेचं सगळं ऐकून घेतलं, मुद्रण तपासायला मागितलं. मग म्हणाले, "मग खालची कड सापडली म्हणायची." एवढंच. मी फोन ठेवून बाजेवर बसले. आत्याने परातीत पाणी आणून माझे हात धुतले. पिवळं निघालं नाही.

पुण्यात

पिवळं निघायला आठ दिवस लागले. ते फिकट होत गेलं तसं मला उगाच वाईट वाटत होतं. ऑफिसात मी हात टेबलाखाली ठेवत होते, लपवायला नाही, बघायला.

मग सरांकडून आकृती आली. सहा आडव्या रेघा, एकेका ठिकाणाची एकेक. वरच्या पाच, तारा विझला तेवढ्यापुरत्या, मधे तुटलेल्या, प्रत्येकीची तूट कमी-जास्त. त्या तुटींना जोडून एक वाकडातिकडा बटाटा. आणि त्याच्या खालून जाणारी सहावी रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. ती नसती तर बटाट्याची खालची बाजू कुठवर जाते हे कळलं नसतं, अंदाजाने ती किलोमीटरभर फुगवली असती. आकृतीखाली ठिकाणांची नावं होती. सहाव्यापुढे माझ्या नावाबरोबर सरांनी विचारल्यावरून मी पारबताबाईंचं नाव दिलं होतं, तेही छापलेलं होतं.

मी ती आत्याच्या फोनवर पाठवली आणि लगेच फोन केला. लहानपणीच्या सुट्टीनंतर आत्याला आपणहून केलेला माझा हा पहिलाच फोन असावा. मागे कुठेतरी ढोल फिरत होता, वाळलेली हळद त्यात खडखडत होती. पारबताबाई तिथेच होत्या. आत्याने त्यांना फोन दाखवला.

"आमची रेघ कोनती?" पारबताबाईंचा आवाज आला.

"सगळ्यात खालची, काकू. न तुटलेली."

"हां," त्या म्हणाल्या. "बराबर हाये. बारा जनी बसलो हुतो की आमी. आमच्यावरून काय बी गेलं न्हाई."